डावा कान नॉट रिचेबल

कानातली बाई 'डिस्कनेक्टेड' म्हणाली, की आमच्या बीडकडचा माणूस आधी वर बघतो. वर म्हणजे टॉवरकडं. टॉवर दिसला नाही तर ढगाकडं, आणि ढग तर आमच्याकडं वेळेवर कधी दिसतच नाही, म्हणून शेवटी सरकारकडं. ब्लूटूथचे बड कानात, मोबाइल खिशात, मधलं अंतर हात-दीड हात. एवढ्याशा वाटेत टॉवर येतोच कुठं, हे समजावून सांगायला गेलं तर समोरचा शांतपणे विचारतो, "मग कट कामून होतंय?"

तशी आम्हाला संपर्क तुटण्याची सवय आहे. नवल वाटतं ते जुळण्याचं. नगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या रेल्वेला मंजुरी मिळाली 1995 साली, आणि बीडच्या स्टेशनातून प्रवासी गाडी नगरकडं निघाली 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. परळीकडचं काम तेव्हाही चालूच होतं. तीस वर्षं पेअरिंग मोडमध्ये काढलेल्या जिल्ह्यानं कानातल्या दोन बोंडांना तीस सेकंदही देऊ नयेत, याला काय म्हणावं! पण माणूस वाट बघतो ती रेल्वेची. मध्येच कापलेल्या कीर्तनाची नाही. बुवा दृष्टान्ताच्या ऐन टोकाला आलेले असतात, सासू सुनेला आता काय म्हणणार म्हणून आपला जीव कानात गोळा झालेला असतो, आणि नेमकी ती बाई मध्ये येते. तिचा आवाज असा गोड, की नातं तोडतेय की हळदीकुंकवाला बोलावतेय ते कळू नये.

माझ्या बडचं दुखणं असं होतं, की आधी डावा जायचा. उजवा बिचारा एकटाच गात राहायचा आणि थोड्या वेळानं तोही मान टाकायचा. ऊसतोडीला आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. एकजण आजारी पडलं की अर्धा कोयता, म्हणजे कटकटीला सुरुवात. बडचंही तसंच. बऱ्याच मॉडेलांत मोबाइलचं बोलणं एकाच बडशी असतं, आणि तो आपल्या जोडीदाराला आवाज पुढं पोचवतो. मधली ही देवाणघेवाण बिनसली की एक कान कीर्तनात आणि दुसरा घरात. अलीकडच्या काही मॉडेलांत दोघांचा मोबाइलशी स्वतंत्र व्यवहार असतो म्हणे; माझे त्या पिढीतले नव्हते.

दुखणं जाहीर झाल्यावर इलाज सांगणाऱ्यांची रीघ लागली. मेव्हणा पुण्याला असतो, त्यामुळं त्याला सगळं कळतं. त्याचं निदान, "वायफायमुळं होतंय दाजी, राउटर बदला." मावशीनं फोन पाण्यात पडल्यावर तांदळात ठेवतात असं कुठंतरी ऐकलं होतं. बड पाण्यात पडलेच नव्हते, ही माझी हरकत तिनं किरकोळ ठरवली. आता आमच्या घरात तांदूळ पाहुणे आले तरच निघतो, तेव्हा तिनं ते ज्वारीच्या डब्यात खुपसले. दुसऱ्या दिवशी दळण निघालं. गिरणीवाल्यानं पाटीत हात फिरवला म्हणून बरं, नाहीतर त्या बाईचा आवाज आम्ही भाकरीतून ऐकला असता. तांदळाचं म्हणाल, तर खुद्द ॲपलनंही भिजलेला फोन तांदळात ठेवू नका असं बजावलेलं आहे, बारीक कण आत जातात म्हणून. ज्वारीबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही, आणि मावशी तेवढ्यावर अजून ठाम आहे.

शेवटी बसस्थानकासमोरच्या मोबाइलच्या गाळ्यात गेलो. तिथल्या पोरानं बड उलटा करून दिव्याखाली धरला. बुडाशी दोन सोनेरी टिकल्या असतात, मोहरीपेक्षा लहान. डबीतल्या दोन पिना या टिकल्यांना टेकल्या तरच चार्जिंग होतं. उजव्याच्या टिकल्या लख्ख, डाव्याच्या काळपट. त्यानं कापसाच्या काडीला दोन थेंब आयपीए लावलं, म्हणजे त्यांचं ते सफाईचं स्पिरिट, आणि हलक्या हातानं घासायला लागला. काडी आधी पिवळी झाली, मग तपकिरी. "साहेब," तो म्हणाला, "घाम हाय, मळ हाय अन् वरून धूळ. डावा रात्रभर डबीत झोपायलाय, पण उपाशी." मग जाळीवरून कोरडा ब्रश फिरवला, डबीतल्या पिनाही पुसल्या. पैसे घ्यायला तयार होईना. चहा मात्र पाच जणांचा सांगितला.

डावा आता पोटभर जेवायला लागला. अर्धं दुखणं तिथंच संपलं.

उरलेल्या अर्ध्याचा उलगडा पुतण्याच्या फोननं केला. या चिरंजीवांनी माझे बड कधीतरी गुपचूप आपल्या मोबाइलला जोडून बघितले होते. बडची स्मरणशक्ती म्हाताऱ्या कारभाऱ्यासारखी पक्की. एकदा ओळख झाली की ती विसरत नाही. दुपारी मी ओसरीवर पडल्यापडल्या कीर्तन ऐकत होतो, बाहेर त्याची गाडी थांबली आणि बुवा गप्प झाले. ती बाई 'कनेक्टेड' म्हणाली, आणि लगेच कानात एक कोवळा आवाज आला, "पोचलास का रे?" सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हो, जेवण पण झालं." दारात पुतण्या मुक्या मोबाइलला "हॅलो, हॅलो" करत उभा. तिकडून फोन ठेवला गेला. हे डिस्कनेक्शन काही ब्लूटूथच्या खात्यावर टाकता येणार नाही.

मात्र त्यानंतर पोरगं कामाला लागलं, आणि असं लागलं की तसं बारावीलाही लागलं नव्हतं. त्याच्या मोबाइलमधून बड 'फर्गेट', माझ्या मोबाइलमधूनही 'फर्गेट'. दोन्ही बड डबीत घालून डबीचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं, की बडना मागचा जन्म आठवत नाही. मग दोन्ही एकदमच बाहेर काढायचे आणि एकाच मोबाइलला जोडायचे. बटण कुठं, किती सेकंद दाबायचं, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. ते डबीसोबतच्या कागदावर छापलेलं असतं, आणि तो कागद घरात कुणीतरी पहिल्याच दिवशी बडीशेपेच्या पुडीला वापरलेला असतो. जाताजाता त्यानं मोबाइलचा बॅटरी सेव्हरही बंद केला. कधीकधी बड शाबूत असतात, मोबाइलच काटकसर म्हणून ॲपचा गळा दाबतो, आणि आळ बडवर येतो.

एवढं करून घरात गाडी रुळावर आली. म्हणून रविवारी मोठ्या दिमाखात रानात गेलो. आमचं रान माजलगाव तालुक्यात. चौफेर मोकळं. वायफाय नाही, मायक्रोवेव्ह नाही, भिंत नाही. मेव्हण्याच्या शास्त्राप्रमाणं इथं आवाज धो धो वाहायला हवा होता. बांधावर पाच-दहा पावलं टाकली आणि डावा गेला. थांबलो, आला. चाललो, गेला.

मेव्हण्याचं अगदीच चूक नव्हतं. ब्लूटूथ चालतं 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथं परवाना लागत नाही, त्यामुळं वायफायपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळ्यांची दाटी तिथंच. पण ब्लूटूथ बनवणाऱ्यांना ही दाटी ठाऊक होती. म्हणून ते एका जागी बसतच नाही: पट्ट्याचे 79 भाग पाडलेले, आणि सेकंदाला 1600 वेळा या भागातून त्या भागात उडी. मोबाइल आणि बड दोघंही ठरल्याप्रमाणं एकाच वेळी, एकाच ठिकाणी उडी मारतात. आपल्या पुढाऱ्यांशी साम्य तिथं संपतं. जिथं गोंगाट जास्त ते भाग वगळायचं शहाणपणही त्याला आहे. या उड्यांची युक्ती तशी जुनी. दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी टॉर्पेडोला पाठवलेले संदेश शत्रूला बिघडवता येऊ नयेत म्हणून तशीच कल्पना मांडली, 1942 मध्ये तिचं पेटंट घेतलं. फ्रिक्वेन्सी 88, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच. आरमारानं तेव्हा ती बाजूला ठेवली. जहाजं बुडवायला निघालेली कल्पना आता माजलगावच्या बांधावर हरिपाठ पोचवायला आली होती आणि डाव्या कानापाशी येऊन अडली होती.

अडवणारा मीच होतो. म्हणजे माझा देह. माणसाच्या अंगात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दुष्काळी जिल्ह्यात राहूनही हा साठा प्रत्येकाकडं असतो, आणि त्याला टँकर लागत नाही. या पट्ट्यातल्या लहरी पाणी पिऊन टाकतं. बडमधल्या रेडिओची ताकद ती किती? काही मिलिवॉट, नऊ वॅटच्या बल्बाचा हजारावा हिस्सा धरा. मोबाइल उजव्या खिशात आणि निघायचं डाव्या कानाला, म्हणजे वाटेत मांडी, पोट, छाती, मान आणि डोकं. माझं पोट तर मध्यम प्रकल्पात मोडेल. मग घरात कसं चालायचं? भिंतींमुळं! लहर भिंतीवर, छतावर, लोखंडी कपाटावर आपटून उलटी फिरते आणि वळसा घालून डाव्या कानात शिरते. रानात आपटायला काहीच नाही. निघालेली लहर सरळ परभणीच्या दिशेनं जाते, परत येत नाही.

मोबाइल काढून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. बुवा बोलू लागले. परत पँटच्या खिशात, बुवा गप्प. पुन्हा वर. असं करत मी बांधावर गरगर फिरत असताना शेजारच्या रानातले मुकादम बघत होते. "गुरुजी, काय हुडकायलेत?"

सांगितलं. ते हसले. हंगामात दिवसभर त्यांचा फोन चालू: टोळी कुठं, ट्रॅक्टर कुठं, कारखान्याच्या चिटबॉयचा निरोप काय. त्यांनी टापरं बाजूला सारून दाखवलं. एकाच कानात बड. दुसरा डबीत चार्जिंगला. "ह्याची बॅटरी उतरली की त्येला काढायचं, ह्याला झोपवायचं. दोन्ही संगं कामाला लावले तर दोन्ही संगं मरत्यात." मोबाइल छातीच्या खिशात, बड त्याच बाजूच्या कानात. मिलिवॉट, गिगाहर्ट्झ यातलं काही न ऐकता माणूस माझ्या दोन हंगाम पुढं होता.

ही सगळी विद्या गावात पसरायला पारावरची एक संध्याकाळ पुरली. आता मी गेलो की पोरं डब्या घेऊन येतात. एक कापसाची काडी, एक बटण, वरचा खिसा. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. मागच्या खेपेला भावकीतल्या एका आज्जीला तिचा नातू घेऊन आला. "काका, आज्जीच्या कानाच्या मशिनीचं बी बघा. इतर वेळी चांगली चालती. आम्ही वाटणीचं बोलायला बसलो की हिला काईच ऐकू येईना."

तिच्यात ब्लूटूथ नव्हतं, साधं श्रवणयंत्र होतं. तरी बघितलं. सेल नवा, नळी स्वच्छ, आवाज नीट. नातवाला पाणी आणायला आत पाठवलं आणि आज्जीच्या मागं उभा राहून हळूच म्हटलं, "आज्जी, चहा टाकायला सांगू का?"

"सांग की. साखर कमी घाल म्हण."

मग तिनं यंत्र माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं, चंचीत घातलं, आतल्या दाराकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "त्येला सांग, पार्ट मिळत न्हाई म्हणावं."