रुद्राच्या रांगेत

दिल्लीच्या अरुणा असफ अली मार्गावरील आंतर-विद्यापीठ प्रवेगक केंद्रात 'परम रुद्र' हा महासंगणक आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे आणि कोलकाता येथील भावंडांसह त्याचे लोकार्पण झाले. 'परम'चे घराणे पुण्याचे. १९९१ मध्ये सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' तयार झाला. भटकरांची पीएचडी मात्र दिल्लीच्या आयआयटीची, त्यामुळे दिल्लीलाही थोडी कॉलर ताठ करता येते. रुद्राची क्षमता ३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ३,००० लाख कोटी आकडेमोडी. इतक्या वेगवान यंत्राकडे गेल्यावर वापरकर्त्याला पहिली गोष्ट करावी लागते ती थांबण्याची.

प्रवेश लॉगिन नोडवर होतो. तिथे फायली लिहाव्यात, प्रोग्राम कंपाइल करावा. गणित करू नये. तरीही एखादा नवखा संशोधक तिथेच सिम्युलेशन सुरू करतो आणि बाकीच्यांची टर्मिनले अक्षरागणिक अडखळू लागतात.

गणितासाठी जॉब स्क्रिप्ट लागते. तिच्या माथ्यावर मागण्या: किती नोड, किती कोअर, किती मेमरी, किती वेळ. 'एसबॅच' म्हटले की ती स्लर्म या शेड्युलरकडे जाते आणि बदल्यात जॉब नंबर मिळतो. हौज खासच्या आयआयटीतल्या 'पदुम'वर हेच काम पीबीएस पाहतो आणि आज्ञा असते 'क्यूसब'. रांग दोन्हीकडे तेवढीच लांब.

'एसक्यू' विचारल्यावर नावासमोर 'पीडी' दिसते: पेंडिंग. शेजारी कारणही असते. 'रिसोर्सेस' म्हणजे जागा नाही. 'प्रायॉरिटी' म्हणजे पुढे वजनदार मंडळी आहेत. हे वजन ओळखीपाळखीचे नव्हे. 'तू जानता नहीं मैं कौन हूँ' हे दिल्लीत सर्वत्र चालणारे ओळखपत्र स्लर्मला वाचता येत नाही. तो मागचा हिशेब पाहतो. ज्याने किंवा ज्याच्या गटाने अलीकडे भरपूर वापर केला, तो मागे. एका पोस्टडॉकच्या उत्साहाची किंमत अख्खी प्रयोगशाळा मोजते.

खरी विद्या वेळेच्या अंदाजात आहे. कमी मागितला, तर मुदत संपताच स्लर्म आधी सभ्यपणे निरोप देतो आणि सहसा ३० सेकंदांनी गळा आवळतो. मधली अवस्था साठवून ठेवणारा चेकपॉइंट नसेल, तर तीन दिवसांचे गणित पहिल्यापासून. म्हणून भित्रे लोक दोन तासांच्या कामाला चार दिवस मागतात. यात त्यांचेच नुकसान. ४० नोडांच्या बड्या जॉबसाठी शेड्युलर नोड राखत जातो; सगळे जमेपर्यंत मोकळे झालेले नोड बसून असतात. त्या फटीत छोटा जॉब घुसवला जातो, संध्याकाळी रिसेप्शनला दिलेल्या हॉलमध्ये सकाळी मुंज उरकावी तसा. फक्त मुंज दुपारपर्यंत आटपेल असे आधी लिहून द्यावे लागते. चार दिवस लिहून देणाऱ्याचा बटू सोवळ्यात ताटकळतो. याला बॅकफिल म्हणतात, आणि या व्यवस्थेत खरे बोलण्याचा रोख मोबदला मिळतो तो इथेच.

दोन दिवस थांबून सुरू झालेला जॉब पुष्कळदा दोन सेकंदांत संपतो. कारण फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलेले असते. जाणकार आधी पाच मिनिटांचा चाचणी जॉब देतात. बाकीचे पुन्हा रांगेत.

एक जॉब यशस्वी झाला तरच दुसरा सुरू व्हावा, अशी अटही घालता येते. पहिला कोसळला तर दुसरा, अट कधीच पुरी होणार नाही हे कारण मिरवत, कोणी काढेपर्यंत तसाच लटकू शकतो. काढायला 'एसकॅन्सल'. ती 'नक्की का?' असे विचारत नाही. वापरकर्त्याचे नाव दिले की त्याचे सगळेच जॉब जातात. इतरांचे रद्द करता येत नाहीत. इच्छा कितीही असली तरी.

उत्तरे स्क्रॅच डिस्कवर पडतात. ती घरी नेणे वापरकर्त्याचे काम, कारण जुन्या फायली तिथून ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. तशी सूचना मेलने येते. त्याच मेलबॉक्समध्ये, जिथे शेड्युलरने दर जॉबच्या आरंभी आणि शेवटी पाठवलेली हजारभर पत्रे न उघडता पडलेली असतात.