डावीकडचा आवाज

आमची मारुती ८०० ही १९९८ची. गेले काही महिने खड्डा आला की ती 'टक' म्हणायची. सपाट रस्त्यावर गप्प; पण साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो, त्यामुळे ती बहुधा बोलतच असायची.

"अहो, माझ्या पायाखालून येतोय आवाज," बायको म्हणाली. मी डिकी रिकामी केली. जॅक, पाना, दोन छत्र्या आणि कुणाच्या तरी लग्नातला सुकलेला नारळ निघाला. टक कायम.

शेजारच्या भाऊंनी खुर्चीतून न उठता 'शॉकॲब्सॉर्बर' असं निदान केलं. मी बॉनेटचा कोपरा सगळा भार टाकून दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. नाचत राहिली असती तर शॉक गेले म्हणायचे. भाऊ जरा हिरमुसले.

मग एका दुकानात दोनदा अलाइनमेंट करून घेतली. आता वाटतं, चाकाचा सांधाच ढिला असताना अलाइनमेंट करणं म्हणजे चुळबुळणाऱ्या पोराचा भांग पाडणं. उठल्यावर परत विस्कटणारच. पुढच्या डाव्या टायरची एक कड तेवढी घासून गुळगुळीत झाली होती. ती कुणीच पाहिली नव्हती, मीसुद्धा.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. तिथे गाडी शिक्षणाधिकारी आल्यावर चौथीचा वर्ग बसतो तशी चिडीचूप. मिस्त्री काही बोलला नाही. डावी बाजू जॅकवर घेतली, टायर दोन्ही बाजूंनी आडवं धरून हलवलं. काही नाही. "टायरॉड एंड चांगले आहेत." मग एक हात वर, एक खाली ठेवून हलवलं. खट्!

"काका, आत बसा. ब्रेक दाबून धरा."

मी दोन्ही पायांनी दाबला. त्याने पुन्हा हलवलं. पुन्हा खट्!

"ब्रेक दाबल्यावर थांबलं असतं तर बेअरिंग. थांबलं नाही, म्हणजे बॉलजॉइंट." त्याने लोअर आर्मखाली टॉमी घालून उचकटलं आणि मला वाकायला लावलं. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसच्या जागी मातीची चटणी, आणि सांधा डोळ्यांना दिसेल इतका वरखाली. "हा सुटला असता ना काका, तर चाक आडवं पडलं असतं." कमरेतून उभं राहायला मला त्यानंतर थोडा वेळ लागला.

डावी बाजू. म्हणजे बायकोच्या पायाखालीच. ती काही बोलली नाही. नुसतं खिडकीबाहेर बघत राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आर्म बदलला, अलाइनमेंट तिसऱ्यांदा झाली, या खेपेला टिकणारी. येताना पोवई नाक्याजवळचा नेहमीचा खड्डा मुद्दाम घेतला. शांतता! पुढच्या वळणावर मात्र, इतके दिवस टकटकीच्या आड दडलेली एक बारीक कुईकुई ऐकू आली.

"अहो, हे तुमच्या बाजूनं येतंय."

मी तिथूनच गाडी गॅरेजकडे वळवली.