ती. आईस, साबणाविषयी

म्युनिक, २० जानेवारी

ती. आई व बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. फक्त सगळ्यांच्या अंगाची सालं निघताहेत. घाबरू नका. काही थंडीमुळे निघताहेत, काही आईच्या मिठाच्या साबणामुळे. थंडीचं आपल्याला काही करता येत नाही, म्हणून साबणाविषयी लिहितो. फोनवर हा विषय काढला की आई म्हणते, "मिठानं कोनाचं वाईट झालं का बापा?" आणि फोन बाबांकडे देते. बाबा हवा कशी आहे ते विचारतात आणि विषय तिथेच संपतो. पत्र असं मधूनच बाबांकडे देता येत नाही.

आई, आधी कौतुक. इथलं पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या चुनखडीतून येतं, त्यामुळे भलतंच जड. साध्या साबणाचा फेस व्हायच्या आधी चोथा होतो आणि टबाला चिकटतो. तुझी वडी मात्र पोटात एवढं मीठ घेऊनही फेसाळते. ही सगळी खोबरेलाची करामत. बाकीच्या बहुतेक तेलांचे साबण खारट पाण्यात नीट विरघळतच नाहीत. कारखान्यात तर कढईतला साबण वेगळा काढायला मीठच टाकतात. खोबरेलाचा साबण मात्र खारट पाण्यातही फेसाळतो, म्हणून पूर्वी खलाशी समुद्राच्या पाण्यात त्यानेच अंघोळ उरकत. आपल्या गोंदियाहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर विदर्भ एक्सप्रेसमध्ये अख्खी रात्र जाते, आणि तू आमगावात बसून खलाशांचा साबण केलास! बचत गटाच्या शिबिराचं सार्थक झालं.

आता गाऱ्हाणं. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल गुडघ्यापर्यंत माखून आलेल्या माणसाला असाच साबण हवा. मे महिन्यात तर हवाच हवा. पण इथे ना चिखल, ना घाम. खिडक्या बंद, हीटर चालू, आणि हवा अशी कोरडी की रात्री वाळत टाकलेला टॉवेल सकाळी उभा राहतो. त्यात खोबरेलाचा साबण अंगावरचं उरलंसुरलं तेलही घेऊन जातो. तुझी सून काही बोलत नाही, पण तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत पांढऱ्या रेघा उठल्यात, त्या बोलतात. थोरलीने सरळ विचारलं, "आजीने पॉलिशपेपर पाठवलाय का?" धाकट्याने वडी चाटून पाहिली आणि शाळेत सांगितलं की आमच्या घरी मीठ साबणात घालतात, भाजीत नाही. आईच्या हातची भाजी खाऊन वाढलेल्या माझ्यासारख्याला हे मुकाट्याने ऐकून घ्यावं लागलं.

शेजारच्या आजींना एक वडी दिली होती. मिठाचं नाव निघताच त्या खुर्ची ओढून बसल्या. हे शहर म्हणे मिठावरच उभं राहिलं. ११५८ च्या सुमारास इथल्या ड्यूक हेन्रीने बिशपचा पूल मोडून इसार नदीवर आपला पूल उभारला आणि राइखेनहालहून येणाऱ्या मिठाच्या गाड्यांची जकात आपल्याकडे वळवली. हे सांगून झाल्यावर त्यांनी वडीवरून बोट फिरवलं आणि कामाचं बोलल्या: "मीठ असं खड्याने कशाला घालता? आमच्याकडे आधी पाण्यात विरघळवून घेतात."

तेव्हापासून तुझ्या वहीतला कागद मी फ्रिजवर लावून अभ्यासतो आहे. खोबरेल ५०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ८७ ग्रॅम, "मीठ तेलाइतकं". आई, खरं सांगू? मीठ बिचारं निम्मंच दोषी आहे. ८७ ग्रॅम कॉस्टिक जवळजवळ सगळ्या तेलाचा साबण करून टाकतं, शंभरातले जेमतेम पाच भाग तेल मोकळं राहतं. खोबरेलाचं एवढ्याने भागत नाही. पंधरा भाग तरी मोकळे राहू दे.

तेव्हा असं कर. खोबरेल ४०० ग्रॅम, मोहाच्या बियांचं तेल ७५ ग्रॅम, एरंडेल २५ ग्रॅम, आणि कॉस्टिक फक्त ७३ ग्रॅम. मोहाचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं आणि अंगाला मऊ ठेवतं. हिवाळ्यात आजी टाचांना तेच चोळायची. एरंडेलाने फेस दाट होतो. मोहाचं नाव ऐकून काका चौकशीला येतील. त्यांना सांग, तेल बियांचं आहे, ते ज्याच्या शोधात आहेत ते फुलांचं असतं.

मीठ ५०० ऐवजी १२५ ग्रॅम, तेही मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून. मुलांसाठीचा घाणा वेगळा काढ. त्यात कोरडं मीठ नकोच. १०० ग्रॅम पाण्यात २५ ग्रॅम या हिशेबाने मीठ आधी पूर्ण विरघळवायचं, मग कॉस्टिक. आणि कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा, स्टीलचं पातेलं. जर्मनीत राहून सांगतो, जर्मनचं पातेलं अजिबात नको. कॉस्टिक ते खातं.

मिठाचा साबण काही तासांतच दगड होतो. तो ऊबदार आहे तोवर काप, नाहीतर वाट्यांमध्येच ओत. मागच्या वेळी तू सकाळपर्यंत थांबलीस आणि बाबांनी वड्या हातोडीने फोडल्या. धाकटा अंघोळीआधी कोपरे चाचपून का बघतो, ते यावरून समजून घे. आणि मुरू दे गं, निदान दोन महिने. कोणी विमानात बसतंय म्हटल्यावर आठवड्याभरात वड्या बांधून देऊ नकोस.

एवढं करूनही साबण तो साबणच. कातडीला जरा आंबटपणा मानवतो आणि साबण अल्कलीचा, त्यामुळे रोज सगळ्या अंगाला लावायचा नाही असं आम्ही ठरवलंय. अंघोळीनंतर ओल्या अंगालाच तेलाचा हात फिरवतो.

राहिला गटातल्या बायकांचा जर्मनीत विक्रीचा बेत. युरोपात १२२३/२००९ क्रमांकाचा नियम आहे. आधी तज्ज्ञाचा सुरक्षा अहवाल हवा, आणि इथे राहणारी एक 'जबाबदार व्यक्ती' कागदावर दाखवावी लागते. तुम्ही माझं नाव सुचवाल हे मला ठाऊक आहे. पण बाबांनी आजवर मला या नावाने एकदाही हाक मारलेली नाही, तेव्हा सरकारने तरी का मारावी?

कळावे, लोभ असावा.

आपला,
धाकटा मुलगा

ता. क. जुन्या वड्यांनी कढईचं तेलकट बूड लख्ख निघतं. सूनबाई म्हणते, त्याही थोड्या पाठवा. फक्त कागदावर "अंगाचा" असं लिहू नका.