एंटरप्राइझराव

हॉटेलात साधा चहा मिळत असताना ‘स्पेशल’ मागवणारी एक जात असते. आमच्या सिस्टिम विभागाचे एंटरप्राइझराव त्यातले. घरात माणसं तीन, डायनिंग टेबल आठ खुर्च्यांचं. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता पगारपत्रकापुरतंच उरलंय.

मी हिशेबखात्यात. ऑफिसात माणसं साठ. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज 2016 घ्यायचं ठरलं आणि कोटेशन माझ्या टेबलावर आलं : एंटरप्राइझ आवृत्ती.

“स्टँडर्ड का नको?” मी विचारलं.

जावयाला शिळी पोळी वाढायला निघाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “साहेब, स्टँडर्डमध्ये एका सर्व्हरवर पाचच डेटाबेस चालतात. एंटरप्राइझमध्ये शंभर!”

“आपले किती?”

“दोन,” हा आकडा त्यांनी खोकल्यात गुंडाळला.

त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हे. एक्स्चेंज 2003 च्या स्टँडर्डमध्ये सगळ्या ऑफिसचं टपाल 16 जीबीत कोंबावं लागे. पुढे सर्व्हिस पॅक 2 ने ती मर्यादा 75 जीबीपर्यंत नेली. पण त्याआधीच एका मॅनेजरनं मुलाच्या मुंजीचे फोटो सगळ्या स्टाफला पाठवले होते, आणि एंटरप्राइझराव ती रात्र सर्व्हररूममध्ये बसून होते. दूध पोळलं 16 जीबीचं, ताक फुंकताहेत शंभर डेटाबेसचं.

“आणि सर्व्हर बसला तर? डेटाबेसची दुसरी प्रत नको?”

ती सोय स्टँडर्डमध्येही आहे. फक्त दुसरा सर्व्हर लागतो, आणि आमच्याकडे एकच. यावर ते पंख्याकडे पाहू लागले.

शेवटचा हुकमाचा पत्ता जुन्या मेलच्या अर्काइव्हचा. त्यासाठी एंटरप्राइझ लागतं खरं, पण ते माणशी लायसन्स, म्हणजे कॅल. तो स्टँडर्ड कॅलवर वेगळा घ्यायचा आणि स्टँडर्ड सर्व्हरवरही चालतो. तूप हवं तर पोळी घ्यावीच लागते. ताट चांदीचं लागत नाही. मुळात दोन्ही आवृत्त्यांचं सॉफ्टवेअर एकच, फरक प्रॉडक्ट कीचा. नवी की टाकली की स्टँडर्डचं एंटरप्राइझ होतं. हे मीच त्यांना सांगितलं, आणि तिथेच चुकलो.

स्टँडर्ड आलं. आठवड्याभरात एंटरप्राइझरावांनी पाच डेटाबेस उघडले : साहेबलोक, बाकीचे, टेस्ट, टेस्ट दोन आणि एक नुसताच.

सोमवारी सकाळी मला मेल : “साहेब, मर्यादा संपली. फक्त की बदलायची आहे. कोटेशन सोबत जोडलंय.”