अण्णा, आपले शंभर वॅट पोचले

प्रति,
रिची स्ट्रीटवरचे एक स्पीकर-विक्रेते,
माउंट रोडमागची गल्ली, चेन्नई.

विषय : १०० वॅटच्या स्पीकरचे अकाली निधन आणि सोबत एका ट्रान्सफॉर्मरचे सहगमन.

अण्णा, वणक्कम.

आपल्याला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पत्र मराठीतच लिहितो आहे, कारण आपण एकटे नाही. आपले सख्खे भाऊ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बसतात, चुलतभाऊ पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास. त्यांच्या गिऱ्हाइकांनी वाचलं तरी पत्राचं सार्थक झालं. आपलं आणि दुकानाचं नाव मी लिहिलेलं नाही. पत्र आपल्यालाच आलंय असं गल्लीतल्या चार-सहा जणांना वाटलं, तर तेवढंच पुण्य.

मी काय मागितलं होतं, त्याची आधी आठवण करून देतो. माझा ॲम्प व्हॉल्व्हचा आहे. १९६० च्या दशकातल्या मार्शलच्या धर्तीवर हाताने जुळवलेला, दोन ईएल ३४ व्हॉल्व्हचा, ५० वॅटचा. त्याला मास्टर व्हॉल्यूम नाही. गिटारचा आवाज किंचित फाटून गोड व्हायला हवा असेल, तर त्याला मोठ्यानेच वाजवावं लागतं. दुसरी सोयच नाही. म्हणून मी म्हटलं, बारा इंची, १६ ओहमचा, खरोखर १०० वॅट सोसेल असा गिटारचा स्पीकर द्या. ‘खरोखर’ हा शब्द दोनदा उच्चारला होता. आपण पोऱ्याला माळ्यावर चढवलंत, खोक्यावरची धूळ फुंकलीत आणि स्पीकर काउंटरवर उपडा ठेवलात. मागे हिरवं प्लास्टिकचं झाकण, झाकणावर चंदेरी स्टिकर, स्टिकरवर १०० वॅट. ‘ओरिजिनल, सार!’ बोटाने स्टिकरवर टकटक करून आपण म्हणालात. आकड्याची एवढी आत्मीयतेने ओळख करून देणारा विक्रेता मी पाहिला नव्हता.

वेलाचेरीतल्या तालमीच्या खोलीत दुसऱ्याच गाण्यात सोलो चढत असताना आवाज आधी खरवडला. मग वॉर्निश जळल्याचा वास आला. मग काहीच आलं नाही. ड्रमवाला काही वेळ एकटाच वाजवत राहिला. त्याला वाटलं, मी भावनेच्या भरात थांबलोय.

घरी येऊन मी आपल्या १०० वॅटचं शवविच्छेदन केलं. हिरवं झाकण काढलं, तर आत चुंबक निम्म्या जागेत आणि उरलेल्या निम्म्यात हवा. चंदेरी स्टिकर ओल्या फडक्याने भिजवून नखाने उचललं. त्याच्याखाली, कारखान्यात छापलेला, जरा पुसट पण वाचता येण्याजोगा आकडा होता : ३०. कोन कापून कॉइल बाहेर काढली. तिचा व्यास जेमतेम एक इंच. तार ज्या नळीवर गुंडाळलेली होती ती कागदाची, आणि तो कागद करपून तपकिरी झालेला. तारेचे वेढे सुटून एकमेकांवर चढले होते आणि एका जागी तार वितळून तुटली होती.

आपण या धंद्यात मुरलेले आहात, तेव्हा आपल्याला शिकवणं म्हणजे आगाऊपणा. पण लॅमिंग्टन रोडच्या गिऱ्हाइकांसाठी लिहितो. स्पीकरच्या पाठीवरचे वॅट म्हणजे आवाजाचं माप नव्हे. स्पीकरला दिलेल्या शंभर वॅटमधले जेमतेम चार-पाच वॅट आवाजात उतरतात; बाकी सगळ्यांची उष्णता होते, आणि ती त्या बारक्याशा कॉइललाच सोसावी लागते. वॅटचा आकडा हे त्या सोशिकपणाचं माप आहे. म्हणूनच चांगल्या गिटार-स्पीकरची कॉइल सहसा पावणेदोन इंचांची असते. अधिक सोसणाऱ्या स्पीकरांत तिची नळी कागदाऐवजी उष्णतेला न बधणाऱ्या प्लास्टिकची किंवा काचतंतूंची करतात. आपल्या स्पीकरात सोशिक असं एकच होतं, ते म्हणजे स्टिकरचा गोंद.

दुसरी गोष्ट. ५० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प म्हणजे स्वच्छ वाजताना ५० वॅटचा. तो पूर्ण पिळला की आवाजाच्या लाटेचे शेंडे सपाट होत जातात आणि तोच ॲम्प सत्तर-ऐंशी वॅट सहज सोडतो. लाट अगदी चौकोनी झाली, तर हिशेबाने दुप्पट, म्हणजे १००. त्यात चेन्नईची वीज. रात्री गल्ली झोपली की २३० व्होल्टचे कधी कधी २५० होतात आणि माझा ॲम्प आणखी चेकाळतो. ॲम्पच्या दुप्पट वॅटचे स्पीकर लावावेत हा जुना नियम याच हिशेबातून आलाय. मी १०० मागितले ते हौस म्हणून नव्हे.

पण आपला पंथ निराळा. नव्वदच्या दशकात घरोघरी म्युझिक सिस्टिम आल्या, तेव्हा खोक्यांवर ‘२००० वॅट पीएमपीओ’ (म्हणजे क्षणभरापुरता, कागदावर फुगवलेला कमाल आकडा) असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं. आतल्या वायरी शिवणकामाच्या दोऱ्याएवढ्या आणि सगळी सिस्टिम भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर चालायची. तरी २००० वॅट! लग्नाच्या बोलणीत सांगितलेल्या मुलाच्या पगाराइतकंच ते खरं. त्या पीएमपीओचा आपण वारसा चालवता, एवढं म्हणून पुढे जातो.

याउलट विलायतेत लोक किती भोळे, पाहा. सेलेशन ही १९२४ पासूनची इंग्लिश कंपनी. तिचा ‘व्हिंटेज ३०’ नावाचा प्रसिद्ध स्पीकर आहे. नावात ३०, आणि सोसतो ६० वॅट! एवढी साधी संधी असून त्यांना व्यापार जमला नाही. आपण त्यांना सल्लागार म्हणून जाल का?

स्पीकर जळणं ही काही आपली एकट्याची देणगी नव्हे, हेही कबूल करायला हवं. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागातल्या दुकानात जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेंडरच्या बेसमन ॲम्पचा नकाशा समोर ठेवून पहिला मार्शल बांधला. त्या वेळचे सेलेशन स्पीकर १५-२० वॅटचे होते आणि दोन स्पीकरांची पेटी त्या ॲम्पपुढे टिकेना. मग त्यांनी काय करावं? मोठं स्टिकर छापलं नाही. एका पेटीत चार स्पीकर बसवले. ‘फोर बाय ट्वेल्व्ह’ म्हणून जगभरच्या रंगमंचांवर दिसणाऱ्या त्या पेटीचा जन्म असा स्पीकर जळण्यातून झाला. तिकडे अमेरिकेत डिक डेल नावाचा गिटारवाला लिओ फेंडरचे ॲम्प आणि स्पीकर एकामागून एक जाळत गेला. शेवटी त्याच्यासाठी जेबीएलकडून १५ इंची दणकट स्पीकर घ्यावे लागले. म्हणजे ज्याचं जळलं त्याचं ऐकून माल सुधारायचा, अशी एक पद्धत जगात आहे. ऐकीव माहिती म्हणून सांगतो.

चार स्पीकरांच्या पेटीत एक मोठी मेख आहे, आणि ती आपल्याला कुणी विचारली नाही म्हणून आपण सांगितली नसावी. जुना आवाज हवा असेल, तर नुसता दणकट स्पीकर घेऊन भागत नाही. इलेक्ट्रो-व्हॉइसचा ईव्हीएम १२ एल एकटा २०० वॅट सोसतो. तो माझ्या ॲम्पला आयुष्यभर पुरेल, पण त्याचा कोन कधी थकायचा नाही, आणि जुन्या रॉकच्या आवाजातली निम्मी गंमत त्या थकण्यात आहे. कमी वॅटचा कोन दाबाखाली किंचित वाकतो, कण्हतो. तेच कण्हणं कानाला गोड लागतं. मग उपाय हाच की भार वाटून द्यायचा. सेलेशनचे २५ वॅटचे चार ‘ग्रीनबॅक’ स्पीकर घेतले की १०० वॅट झाले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला भार येतो तो पाव. सोळा ओहमच्या दोन-दोन स्पीकरांच्या जोड्या समांतर आणि त्या जोड्या एकामागे एक जोडल्या की पेटी पुन्हा १६ ओहमची. चार परवडत नसतील, तर त्याच कंपनीचे ६५ वॅटचे दोन ‘क्रीमबॅक’ किंवा दोन व्हिंटेज ३०. मात्र दोन सोळांचे समांतर जोडले की ८ ओहम होतात, तेव्हा ॲम्पच्या मागची चकती ८ वर फिरवायची. आपण म्हणाला होतात, ‘आठ, सोळा, सब सेम, सार!’ हे वेदान्तात बसेल, ट्रान्सफॉर्मरला पचत नाही.

‘वॅट जास्ती, सौंड जास्ती’ हाही आपलाच मंत्र. व्हिंटेज ३० एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबल देतो. त्याच कंपनीचा ७५ वॅटचा जी १२ टी ९७ देतो. तीन डेसिबलचा फरक दिसायला चिमूटभर, पण तो भरून काढायला ॲम्पची ताकद दुप्पट लागते. म्हणजे कमी वॅटचा स्पीकर जास्त वाजतो. धक्का बसला असेल तर थोडं पाणी प्या.

तक्रार घेऊन आलो तेव्हा आपण मोठ्या मनाने बदली माल देऊ केलात : लग्न-मिरवणुकीच्या बॉक्समधला ५०० वॅटचा वूफर. तो जळला नसता, मान्य. पण गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर आपण होऊन तोंड मिटतो, मधल्या पट्टीत थोडा उसळतो, आणि तेवढ्यावरच विजेच्या करकरीचं गाणं होतं. मिरवणुकीच्या वूफरला बास हलवायचा असतो. त्याला गिटार लावली की ती गोधडीखालून बोलते. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडचे साऊंडवाले ट्रॅक्टरवर भिंत रचतात, कानठळ्या बसवतात, त्यांच्याबद्दल माझं मत काही बरं नाही. पण कॉइल तापल्याचा वास त्यांना चार बॉक्स पलीकडून येतो, आणि कुठला बॉक्स किती सोसेल हे ते छातीवर हात ठेवून खरं सांगतात.

आता सहगमनाबद्दल. व्हॉल्व्ह ॲम्प जोरात वाजत असताना स्पीकरची कॉइल तुटली, की ॲम्पवरचा भार अचानक नाहीसा होतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या वेढ्यांत व्होल्टेज उसळी मारतं आणि इन्सुलेशन फोडून ठिणगी पडते. माझ्या ट्रान्सफॉर्मरचं तेच झालं. स्पीकर गेला तर कोन बदलून मिळतो. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यायचा, तर खर्च स्पीकरच्या किमतीहून वर जातो. त्या स्टिकरची खरी किंमत इतकी, आणि ती आपल्या गल्ल्यात आलेली नाही. आपला यात काही फायदा झाला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि हे सगळं कुठल्या गावात? ज्या गावात माउंट रोडवर मुझे म्युझिकलसारखं दुकान १८४२ पासूनची परंपरा सांगतं. जिथे मार्गळी महिन्यातल्या संगीत-सभांमधून रसिक तंबोरा केसभर उतरला तरी मान वळवतात. जिथे आयआयटीच्या ‘सारंग’मध्ये खुल्या रंगमंचापुढे पोरं रॉक ऐकायला रात्र जागवतात. या गावाचे कान चांगले आहेत, अण्णा. फसतात ते डोळे, कारण चंदेरी स्टिकर डोळ्यांना दिसतं.

माझ्या ॲम्पच्या पहिल्याच टप्प्यात एक जुना ईसीसी ८३ व्हॉल्व्ह आहे, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला. सरकारी कंपनी, चकचकाट शून्य, काचेवर बोटाने पुसली जाईल अशी पांढरी अक्षरं. पण त्यावर जे छापलंय तेच आत आहे, आणि या सगळ्या अपघातातून तो एकटा सुखरूप वाचला. आपल्यापासून रात्रीच्या गाडीच्या अंतरावर हे घडलेलं आहे. शिकायला विलायतेत जायची गरज नाही.

माझ्या मागण्या माफक आहेत. काउंटरवर एक मल्टिमीटर ठेवा. १६ ओहमच्या चांगल्या स्पीकरची कॉइल मोजली तर साधारण ११ ते १३ ओहम दाखवते. गिऱ्हाइकाला ते मोजू द्या. दीड व्होल्टचा सेल लावून कोन सरळ पुढे येतो का, ते पाहू द्या. दोन्ही हातांनी कोन हलकेच दाबून कॉइल घासत नाही ना, हे ऐकू द्या. हिरवं झाकण असेल तर ते काढून दाखवा. आणि ३० वॅटचा स्पीकर ३० चा म्हणूनच विका. मी तसे चार घेतले असते, अण्णा! आपल्या लबाडीत आपलंच तीन स्पीकरांचं नुकसान झालं, याचा हिशेब जमलं तर रात्री करा.

कळावे,
आपला एक गिऱ्हाईक.

ता. क. : ग्राहक आयोगात जावं म्हणून आपलं बिल काढून पाहिलं. तारीख आहे, रक्कम आहे, शिक्का आहे. मालाच्या रकान्यात लिहिलंय : ‘स्पीकर १२ इंच, नग १’. वॅटचा उल्लेख नाही. स्टिकरवर १०० लिहिणारा आपला हात बिलावर थबकला, म्हणजे खरा आकडा आपल्याला तेव्हाही ठाऊक होता. पुढच्या वेळी मी वॅट बिलावर लिहून घेईन, आणि हे वाचणारा प्रत्येक जण घेईल.