श्री. व सौ. रोहित यांस, मु. पो. ठाणे खाडी

श्री. व सौ. रोहित (ऊर्फ फ्लेमिंगो) आणि समस्त परिवार यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, यंदाही चैत्रात आपला मुक्काम खाडीत असल्याचं आमच्या खिडकीतून दिसलं. 'फ्लेमिंगो व्ह्यू'चे पैसे आम्ही फ्लॅट घेतानाच मोजलेत. त्यामुळे एखाद्या सकाळी आपण फिरकला नाहीत की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. समोर आणखी एक टॉवर उभा राहिला, की मग आपल्याला बघायचा हक्क त्या टॉवरवाल्यांचा.

आपला मान राखण्यात नवी मुंबईनं कसूर केलेली नाही. चौकाचौकांत पुतळे, भिंतींवर चित्रं, शहराचं टोपणनावच 'फ्लेमिंगो सिटी'. (याच नावाची आपली जुनी वसाहत कच्छच्या रणात आहे. तिथे आपण चिखलाचे उंचवटे रचून अंडी घालता, आणि आमच्याकडे नुसते जेवायला येता. असो.) 2015 साली खाडीला अभयारण्य केलं, 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. आणखी काय हवं? पुतळे बघा, बारा महिने मुकाट उभे असतात. आपले मात्र नखरे फार! ओहोटीला खाडीतला चिखल हवा. भरतीत तो बुडाला की टेकायला नेरूळचं तळं हवं. वर त्या तळ्यात भरतीचं पाणी शिरायची वाटही कुणी बुजवता कामा नये! इथले जागेचे भाव ठाऊक आहेत का आपल्याला?

जेवणाची तऱ्हाही न्यारीच. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालायची, जीभ पंपासारखी मागेपुढे चालवायची आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून शेवाळ गाळून घ्यायचं. आमचं सांडपाणी खाडीत जातं, त्यावर हे शेवाळ पोसतं आणि त्यातल्याच रंगद्रव्यानं आपण गुलाबी होता. ज्या रंगासाठी माणसं लाखाच्या लेन्सा गळ्यात अडकवून पहाटे चिखलात उभी राहतात, त्यात आमच्या मोऱ्यांचाही वाटा आहे. एकाही फोटोखाली त्याचं श्रेय दिलेलं पाहिलं नाही.

तरी पुढच्या वर्षी येताना तळं, चिखल वगैरे हट्ट सोडून यावं, ही विनंती. भिंतींवर जागा शिल्लक आहे.

आपला,
एक खाडीदर्शनी फ्लॅटधारक

ता. क. उडताना जपा. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर आपला एक थवा उतरणाऱ्या विमानाला धडकला. तीसहून अधिक रोहित मेले. विमान सुखरूप उतरलं.