नालछ्यात करिअर मार्गदर्शन : नवशिक्यांसाठी सुलभ पाठ

आधी साहित्य जमवा. पाचशे रुपये सुटे, दोन बॉलपेनं (एक परत येत नाही), स्टेपलर, डिंकाची बाटली आणि एक दोनशे पानी वही. लॅपटॉप घरीच ठेवा. पुण्याच्या भाच्यानं हौसेनं करून दिलेलं ‘मोठी स्वप्नं पाहा’ हे सादरीकरण त्यात असेल, तर लॅपटॉपला कुलूप लावा.

स्थळ : धारहून मांडूला जाताना लागणारं नालछा. पर्यटक इथे उतरत नाहीत. त्यांना जहाज महालाची घाई असते. उतरला तो ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहेबानं इथल्या एका जुन्या महालात मुक्काम ठोकला होता. बाहेरून येऊन नालछ्यात बसायचं आणि दुसऱ्यांच्या भवितव्याचा विचार करायचा, ही परंपरा बहुधा तेव्हापासूनची. आपण तिचे फार कनिष्ठ वारस, एवढं ध्यानात ठेवून कामाला लागा.

पायरी पहिली : मुलांना ‘तुम्हाला काय व्हायचंय?’ असं विचारू नका. मी विचारलं होतं. आम्ही धारचे, पणजोबा पवारांच्या संस्थानात कारकून, आजोबा मास्तर, वडील इंदूरला बँकेत, आणि आता निम्मं घर पुण्यात. आमच्याकडे पोरगं बोलायला लागलं की पाहुणे हाच प्रश्न विचारतात आणि पोरगं न चुकता ‘पायलट’ म्हणतं. नालछ्यात मात्र वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, “सर, इंजीनियर कित्ते में पड़ेगा?”

मंडीत मक्याचा भाव विचारावा, तितक्या सहज. मला उत्तर येत नव्हतं. फळ्यावर मी ‘आवड + कौशल्य = यश’ असं लिहून ठेवलं होतं, ते हळूच पुसलं.

पायरी दुसरी : भाव पाठ करा. वहीच्या पहिल्या पानावर हे उतरवून घ्या. पाचवीतलं मूल असेल तर नवोदय विद्यालयाची परीक्षा. तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, राहणं-जेवणं फुकट, पण सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. आठवीत राष्ट्रीय मीन्स-कम-मेरिट शिष्यवृत्तीची परीक्षा. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये, मात्र दरवर्षी नूतनीकरण केलं तर. बारावीला एमपी बोर्डात 70 टक्के मिळाले, तर मेधावी विद्यार्थी योजना. 2017 पासून पुढच्या शिक्षणाची फी त्यातून निघते. आणि नापास झालं तर? तर ‘रुक जाना नहीं’. हा सुविचार वाटेल, पण राज्य ओपन स्कूलच्या फेरपरीक्षेच्या योजनेचं ते अधिकृत नाव आहे. सरकारी कागदावर इतकी मायाळू ओळ मी दुसरी पाहिलेली नाही.

आयटीआयचं पान वेगळं ठेवा, कारण कारखान्यांचं पिथमपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. वेल्डरला आठवी पास चालतं आणि वर्ष लागतं. फिटर, इलेक्ट्रिशियनला दहावी आणि दोन वर्षं. पिथमपूरलाच ‘नॅट्रॅक्स’ची 11.3 किलोमीटरची चाचणी धावपट्टी आहे, जिच्यावर गाड्या सुसाट गोल गोल फिरतात. ती सांगितली की मुलं जागी होतात. ‘सीखो कमाओ’ योजनेत काम शिकताना बारावीवाल्याला महिना 8,000 आणि आयटीआयवाल्याला 8,500 रुपये अशी रक्कम ठरली, हे सांगितलं की मुलांच्या आया जाग्या होतात. दोन वर्षांचे पाचशेच जास्त का, हे एका आईनं मला विचारलं. वहीत उत्तर नव्हतं.

रेल्वेच्या भरतीबद्दल जरा जपून बोला. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना परीक्षेला जायला रेल्वेचा पास मिळतो, हे खरं. पण गाडी पकडायची तर आधी बसनं महू किंवा इंदूर गाठायचं, आणि बसवाल्याला रेल्वेचा पास दाखवून पाहा! धारवरून जाणाऱ्या इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी 2008 साली झाबुआला झाली. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता माझ्यासमोर बारावीची मार्कशीट घेऊन बसतात.

पायरी तिसरी, ‘स्वतःमधल्या सुप्त गुणांचा शोध’, या आवृत्तीतून वगळली आहे. पानं पुरली नाहीत.

पायरी चौथी : आता खरा विषय. आधी लगीन समग्र आयडीचं, मग करिअरचं.

मध्य प्रदेशात कुटुंबाचा समग्र क्रमांक आठ अंकी आणि माणसाचा नऊ अंकी. हा पाया. त्यावर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मूल निवासीचा दाखला, बँकेचं पासबुक आणि सगळ्यात वर, देवळाच्या कळसासारखी, इवलीशी शिष्यवृत्ती. ही उतरंड उभी राहण्यासाठी सगळीकडे नाव एकसारखं लागतं. माझ्याकडे दहावी झालेली एक मुलगी आली. तिला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं, भाव वगैरे न विचारता. मार्कशीटवर तिच्या नावात ‘श’ होता, आधारवर ‘स’, आणि समग्रवर आडनावाची जागा कोरी. तिच्या हुशारीबद्दल कोणाला शंका नव्हती. ती म्हणजे तीच आहे का, एवढीच शंका होती. अशा वेळी ‘स्वतःला ओळखा’ छापाचं बोलू नका. डिंक काढा.

‘स’ पुसायला पाच आठवडे गेले. मग उरलं समग्रचं ई-केवायसी, म्हणजे कियोस्क. तिथे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, प्रिंटरवर शेवेचा पुडा आणि बाहेर बाकावर सतरा माणसं. आमचा नंबर आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कियोस्कवाल्या भाऊनं आधारचा क्रमांक टाकला, बटण दाबलं आणि हात पुढे केला, “ओटीपी?”

नवशिक्यांनो, इथे थांबा आणि नीट पाहून घ्या. आधारला जोडलेला नंबर मुलीच्या बापाचा. बाप मजुरीला गुजरातेत. मुलीनं माझ्या फोनवरून त्याला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा ठेकेदारानं उचलला. बापाचा फोन त्याच्या खोलीत चार्जिंगला होता आणि बाप तिसऱ्या मजल्यावर. त्याला हाका मारलेल्या आम्हाला इकडे ऐकू आल्या. कोड दहा मिनिटं टिकतो. भाऊ शेव खात होता. बाकावरचे सोळा जण आता दारात येऊन उभे होते.

बाप आला. त्याला आकडे वाचता येत नव्हते. शेजारच्या मजुरानं वाचायला घेतले, “चार... आठ... आठ... ए, रुक, एक और आया है.” कारण मध्येच घाबरून मी भाऊला दुसरा ओटीपी पाठवायला लावला होता. दोन्ही आता मेसेजमध्ये एकाखाली एक उभे. मार्गदर्शकानं कीबोर्डपासून हातभर लांब राहावं, ही सूचना खरं म्हणजे पहिल्या पायरीतच यायला हवी होती.

खालचा की वरचा, यावर तिकडे थोडी चर्चा झाली. मुलीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि वडिलांना म्हणाली, “दादा, जो बाद में आया वो.” सहा आकडे आले. हिरवी टिकमार्क उमटली. दारातले सोळा जण मुकाट्यानं बाकावर परतले.

तिकडून बापानं विचारलं, “कित्ते लगे?”

मी वही उघडली. मला हे उत्तर येत होतं. कियोस्कचे, फोटोंचे, झेरॉक्सचे, आयटीआयच्या फॉर्मचे, पुढच्या फीचे; सगळे आकडे एका रांगेत मांडून बेरीजही मारलेली होती. मुलीनं माझ्या वहीतूनच एकेक वाचून दाखवला.

“और रोज का धार का भाड़ा?” बाप म्हणाला.

तिनं वहीचं पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. माझ्या हातातलं बॉलपेन घेऊन ती हिशेबाला बसली. जाणं-येणं, महिन्याचे दिवस, दोन वर्षं. भाऊनं पुढच्या माणसाला हाक मारली, तसे आम्ही उठून बाहेर बाकाच्या टोकाला बसलो, कारण गुणाकार अजून व्हायचा होता.